चार स्वरांचे अर्थांतर : ‘दिएस ईरे’ची सुरावट आणि आधुनिक रचनाकार

‘दिएस ईरे’ म्हणजे ‘क्रोधाचा दिवस’. या दोन लॅटिन शब्दांनी आरंभ होणारे मध्ययुगीन गीत आधुनिक युरोपीय संगीतात दोन वेगळ्या वाटांनी आले. मोत्सार्टने १७९१ मध्ये मृत्यूमुळे अपुऱ्या राहिलेल्या आपल्या ‘रेक्विएम’मध्ये, आणि व्हेर्दीने १८७४ मध्ये मिलान येथे प्रथम सादर झालेल्या आपल्या ‘रेक्विएम’मध्ये, या गीताचे शब्द घेतले, परंतु त्याची परंपरागत चाल बाजूस ठेवून शब्दांना नवे संगीत दिले. याउलट बर्लिओझपासून रखमानिनॉवपर्यंतच्या रचनाकारांनी चाल उचलली आणि शब्द मागे ठेवले. पहिल्या वाटेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरी वाट संगीताच्या अभ्यासकांइतकीच अर्थविचाराच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगी आहे. कारण शब्द गळून पडल्यावर सुरावट अर्थ कशाच्या बळावर वाहते, आणि तो अर्थ शब्दाच्या अर्थाप्रमाणेच कालांतराने पालटतो काय, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

मूळ गीताविषयी प्रथम थोडे सांगणे अवश्य आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व संत फ्रान्सिसचा चरित्रकार व त्याच्याच संघातील साधू चेलानोचा थॉमस याच्याकडे देते. तेराव्या शतकातील या साधूचे कर्तृत्व आज निर्विवाद मानले जात नाही. गीताची मुळे त्याहून जुनी असावीत असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सफन्या या संदेष्ट्याच्या ग्रंथातील क्रोधदिनाचे वर्णन हा त्याचा आधार होय. ‘लिबेरा मे’ या अंत्यविधीतील जुन्या गायनाशीही त्याचे शब्दांत व सुरांत नाते आहे. चर्चच्या उपासनेत ‘सीक्वेन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतप्रकारात ते मोडते. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५७० मध्ये जी उपासनाविधीची संहिता प्रसृत झाली, तिच्यात असंख्य सीक्वेन्सांपैकी अवघी चार टिकली. त्या चारांत ‘दिएस ईरे’ होते, आणि मृतांसाठी अर्पण होणाऱ्या मिस्सात ते विहित झाले. गोव्यातील, वसईतील व मुंबईतील कॅथलिक चर्चांतही लॅटिन उपासना चालू होती तोवर हेच गीत विहित होते. तेव्हा ही सुरावट आपल्याकडे केवळ ध्वनिमुद्रिकांवरूनच आली, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

गीताच्या आशयाकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. आरंभीच्या कडव्यांत जगाचा दाह, कर्ण्याचा नाद, थडग्यांतून उठणारे मृत आणि उघडला जाणारा लेखाग्रंथ हे सर्व आहे. परंतु थोड्याच कडव्यांनंतर वर्णन संपते आणि प्रथमपुरुषी विनवणी सुरू होते. मी दीन काय बोलू, कोणाचा आश्रय मागू, असा तिचा सूर आहे. पुढील बहुतेक गीत करुणेची याचना आहे आणि त्याचा शेवट मृतांना विश्रांती मिळावी या मागणीत होतो. म्हणजे भय हे या गीताचे द्वार आहे. त्याचे घर प्रार्थनेचे आहे. पुढच्या इतिहासात हे द्वार तेवढे शिल्लक राहिले.

चालीच्या घडणीत या इतिहासाचे बीज दडलेले आहे. गीताचा प्रत्येक चरण अष्टाक्षरी असून तीन चरणांचे, एकाच यमकाने बांधलेले कडवे होते. मराठी वाचकास अष्टाक्षरी परिचित आहे. मात्र येथील लय लघुगुरूंवर बेतलेली नसून आघातावर बेतलेली आहे. आघातयुक्त अक्षरामागून आघातहीन अक्षर, असा तिचा क्रम आहे. पहिल्या चरणात दोन-दोन अक्षरांचे चार शब्द येतात व प्रत्येकाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो. आता चाल पाहावी. ‘डोरियन’ म्हणजे स्थूलमानाने आपल्या काफी थाटाचे हे स्वरक्षेत्र आहे. आधारस्वरास षड्ज मानल्यास पहिल्या चरणाचे स्वर असे लागतात : कोमल ग, रे; कोमल ग, सा; रे, मंद्र कोमल नी; सा, सा. अक्षर एक, स्वर एक. पहिल्या तीन शब्दांत आघाताचे अक्षर वरच्या स्वरावर व दुसरे खालच्या स्वरावर आहे, तर चौथा शब्द आधारस्वरावर स्थिर होतो. सुरावट पायरीपायरीने खचत जाते असे जे ऐकणाऱ्यास वाटते, त्याचे कारण लॅटिन शब्दांचे उच्चारणच असे पडते आहे. हा सगळा व्यवहार अवघ्या एका मध्यमाच्या अंतरात, म्हणजे सामान्य माणसाच्या कंठास कोणताही ताण न देता, चालतो.

यातले पहिले चार स्वर म्हणजे ‘दि-एस-ई-रे’ ही चार अक्षरे; अर्थात गीताचे नाव. पुढील रचनाकारांनी बहुधा एवढ्या चार स्वरांवरच भागवले, यात म्हणूनच आश्चर्य नाही. ते सुरांत नाव उच्चारत होते.

५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिस येथे बर्लिओझची ‘सिम्फनी फँटास्टिक’ प्रथम वाजवली गेली. तिच्या पाचव्या भागात नायक स्वप्नात स्वतःची अंत्ययात्रा पाहतो, आणि त्या यात्रेस चेटकिणींचा व भुताखेतांचा मेळा जमलेला असतो. घंटा वाजतात, मग बसून व ऑफिक्लाइड ही मंद्र सप्तकातील वाद्ये ‘दिएस ईरे’ची ओळ सावकाश, सपाट लयीत वाजवतात. मूळ रचनेत यांच्या जोडीला सर्पंट हे वाद्य होते, आणि ही निवड सूचक आहे. कारण सर्पासारख्या नागमोडी आकाराचे हे वाद्य फ्रान्समधील चर्चांत गायकवृंदाच्या साथीस वापरले जात असे. श्रोत्यांच्या कानांवर केवळ चर्चची चाल पडत नव्हती, चर्चचा आवाजही पडत होता. त्यानंतर तीच ओळ ट्रॉम्बोन व हॉर्न दुप्पट लयीत वाजवतात, आणि तिसऱ्यांदा लाकडी फुंकवाद्ये तिला उड्या मारीत नाचवतात. गंभीर वचन एकाने म्हणावे आणि मागून दुसऱ्याने त्याची नक्कल करावी, तसा हा प्रकार आहे. रचनेसोबत वाटलेल्या निवेदनात बर्लिओझने त्यास विडंबनच म्हटले आहे.

विडंबनाची अट अशी की मूळ गोष्ट समोरच्यास ठाऊक असली पाहिजे. १८३० च्या पॅरिसमध्ये ती अट पुरी होत होती. सभागृहातील बहुतेकांनी कोणा ना कोणा आप्ताच्या अंत्यविधीत ही चाल ऐकलेली होती. बर्लिओझने घडवून आणलेल्या बदलास भाषाशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात. पूज्य शब्द हीन संदर्भात वापरला जाऊ लागला की त्याला नवी छटा चिकटते आणि ती पुढे सहसा सुटत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे सातच वर्षांनी, १८३७ मध्ये, याच बर्लिओझने मृतांसाठीच्या मिस्साला भव्य संगीत दिले तेव्हा ‘दिएस ईरे’चे शब्द त्याने घेतले, परंतु त्यांना चाल स्वतःची दिली. मूळ चाल त्याने चेटकिणींच्या मेळ्यात सोडली होती. तेथून तिला तो परत आणू शकला नाही, की आणू इच्छीत नव्हता, हे सांगता येत नाही.

लिस्टची ‘टोटेनटान्झ’ ही पियानो व वाद्यवृंद यांची रचना या चालीवरील विस्तारांची मालिकाच आहे. पिसा येथील कांपोसान्तोमधील ‘मृत्यूचा विजय’ हे भित्तिचित्र तिची प्रेरणा मानले जाते. त्या काळी ते ओर्कान्याच्या नावावर होते. आज ते बुफ्फाल्माक्कोचे मानतात. आणि १९४४ मध्ये युद्धातील आगीने त्याची मोठी हानी झाली. पियानोच्या अगदी खालच्या पट्ट्या घणासारख्या आदळत असता वाद्यवृंद चाल म्हणतो, आणि मग लिस्ट तिला कधी चर्चमधील जुन्या अनुकरणपद्धतीने बांधतो, कधी निव्वळ बोटांच्या चमत्कृतीसाठी वापरतो. रचनेवर वर्षानुवर्षे हात फिरवून अखेर १८६५ मध्ये हेग येथे ब्यूलोच्या पियानोवादनात ती प्रथम सादर झाली. त्याच वर्षी लिस्टने कॅथलिक चर्चच्या कनिष्ठ दीक्षा घेतल्या. बर्लिओझची कुचेष्टा त्याच्या रचनेत नाही. मात्र प्रार्थनाही नाही. मृत्यूचे चित्र आहे. न्यायदिनाचा अर्थ ‘मृत्यू’ एवढाच उरला, हा अर्थसंकोच येथे पुरा झाला असे म्हणावे लागते.

सँ-साँसच्या ‘दान्स माकाब्र’मध्ये (१८७४) हीच चाल तीव्र स्वरांच्या थाटात, वॉल्ट्झच्या तालावर सांगाड्यांना नाचवते. माहलरच्या दुसऱ्या सिम्फनीच्या अंतिम भागात तिचे आरंभीचे स्वर पुनरुत्थानाच्या सुरावटीत विलीन होतात. इझाईने १९२३ च्या आपल्या एकल व्हायोलिनच्या दुसऱ्या सोनाटात बाखच्या रचनेचे तुकडे व ‘दिएस ईरे’ यांची अशी गाठ घातली आहे की सरावास बसलेल्या वादकाच्या मनात दोन आठवणी एकमेकींना ढकलीत आहेत असे वाटावे; त्या भागाचे नावही ‘ध्यास’ असेच आहे.

येथे एका सावधगिरीची गरज आहे. या चालीचा शोध घेण्याचा छंद आता इतका वाढला आहे की एकापाठोपाठ एक सोपानाने उतरणारे कोणतेही चार स्वर दिसले की त्यांना ‘दिएस ईरे’ म्हणण्यात येते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही चूक परिचित आहे. दोन भाषांतील दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणजे एकाने दुसरा उसना घेतला असे होत नाही. आणि शब्द जितका आखूड, तितका योगायोगाचा संभव अधिक. चार स्वरांची आकृती हा तर फारच आखूड शब्द आहे. ब्राम्सच्या ११८ क्रमांकाच्या संचातील सहाव्या पियानो-रचनेत (१८९३) मोजक्या स्वरांभोवती घुटमळणारी खिन्न सुरावट आहे. अनेक टीकाकारांना तीत ‘दिएस ईरे’ ऐकू येते. ब्राम्सचा तसा शब्द नाही. आदान सिद्ध करावयाचे तर काही गमके हवीत. सुरावट चार स्वरांपुढे जाऊन मंद्र निषादापर्यंत उतरते काय. ती भोवतालच्या संगीतापासून वेगळी, सपाट लयीत व खालच्या आवाजात, अवतरणचिन्हांत घातल्यासारखी मांडली आहे काय. आणि रचनाकाराची स्वतःची काही साक्ष आहे काय? तिन्ही एकदम क्वचितच मिळतात. पण यांपैकी एकही नसेल, तर साम्याची नोंद करून थांबावे हे बरे.

ही कसोटी सर्वांत अधिक अवघड होते ती रखमानिनॉवच्या बाबतीत, आणि सर्वांत अधिक फलदायीही तेथेच होते. १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्याची पहिली सिम्फनी पडली. तिच्या मूळ बीजाकृतीत अनेकांना ‘दिएस ईरे’ ऐकू येते. परंतु रखमानिनॉव रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेत वाढलेला होता. त्या परंपरेतील ‘झ्नामेन्नी’ गायनही असेच अरुंद स्वरक्षेत्रात, लगतच्या स्वरांवरून चढत-उतरत चालते. तरुण रखमानिनॉवने लॅटिन चाल उसनी घेतली की घरच्याच गायनाचे वळण त्याच्या हातात बसलेले होते, हे केवळ स्वर मोजून ठरवता येत नाही. १९०९ च्या ‘मृतांचे बेट’ या रचनेत मात्र संशयास फारशी जागा राहत नाही. ब्योकलिनच्या चित्रावरून स्फुरलेल्या त्या रचनेत पाच मात्रांच्या वल्हवण्यावर ही आकृती उघडपणे उमटते.

आता त्याच्या स्वतःच्या साक्षीकडे वळावे. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत असताना रखमानिनॉवने जोझेफ यासर या रशियन संगीतशास्त्रज्ञाजवळ या गीताची चौकशी केली. यासरने पुढे सांगितल्याप्रमाणे, इतर संगीतकारांप्रमाणे रखमानिनॉवलाही तोवर फक्त आरंभीच्या ओळी ठाऊक होत्या. मृत्यूचे चिन्ह म्हणून त्या तेवढ्याच सर्वत्र वापरल्या जात. आता त्याला संपूर्ण गीताचे संगीत हवे होते; लॅटिन शब्दांचा अर्थ व उगमही जाणून घ्यायचा होता. या लहानशा प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. जी सुरावट त्याने वीसएक वर्षे आपलीशी करून वापरली होती, ती त्याने लॅटिन उपासनेतून घेतलीच नव्हती. ती त्याला बर्लिओझ, लिस्ट यांसारख्या रचनाकारांच्या मालिकेतून मिळालेली होती. आदान-शब्द मूळ भाषेतून न येता मधल्या एखाद्या भाषेतून येतो, आणि येताना त्या मधल्या भाषेने दिलेला अर्थच घेऊन येतो, तसे येथे घडले. फारसीतून मराठीत आलेल्या कित्येक अरबी शब्दांची कथा याहून निराळी नाही.

मूळ गीत जाणून घेतल्यावर त्याच्या वापरात काही पालट झाला काय? १९३४ च्या ‘पागानिनीच्या विषयावरील रॅप्सडी’त तरी तसे दिसत नाही. तिच्या चोवीस विस्तारांपैकी सातव्या, दहाव्या व चोविसाव्या विस्तारांत ही चाल येते. १९३७ मध्ये नृत्यरचनाकार फोकिनला लिहिलेल्या पत्रात रखमानिनॉवने या रचनेवर नृत्यनाट्य सुचवले आणि ‘दिएस ईरे’चे सर्व विस्तार म्हणजे पागानिनीने ज्याला आत्मा विकला तो दुरात्मा, असे स्पष्ट केले. हा बर्लिओझचाच अर्थ. मात्र १९४० मध्ये लिहिलेल्या व ३ जानेवारी १९४१ रोजी फिलाडेल्फिया येथे सादर झालेल्या ‘सिम्फनिक डान्सेस’मध्ये, त्याच्या अखेरच्या रचनेत, काही वेगळे घडते. तिसऱ्या भागात ‘दिएस ईरे’च्या समोर एक दुसरी सुरावट उभी राहते. ती त्याच्याच १९१५ च्या ‘रात्रभरच्या जागरणा’च्या उपासनेतील नवव्या गीताची आहे, आणि मुळात झ्नामेन्नी गायनातून घेतलेली आहे. त्या गीताचा विषय पुनरुत्थान हा आहे : पहाटे कबरीपाशी गेलेल्या स्त्रिया आणि त्यांना भेटणारा दूत. दोन्ही सुरावटींची झटापट होते आणि रशियन सुरावट वर येते. त्या जागी स्वरलिपीत रखमानिनॉवने ‘अलिलुया’ असे लिहून ठेवले आहे.

रखमानिनॉवच्या अभ्यासकांनी या शेवटाकडे मृत्यूवरील श्रद्धेचा विजय म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पण येथे आणखी एक गोष्ट घडते. दुसऱ्याकडून, तिसऱ्या हाताने आलेल्या चिन्हाला आपल्या बालपणीच्या उपासनेतील चिन्हाने दिलेले हे उत्तर आहे. १९१७ नंतर मायदेशाला अंतरलेल्या माणसाने ते दिले. सभागृहातील किती अमेरिकन श्रोत्यांना त्यातील दुसरी सुरावट ओळखू आली असेल? पहिली बहुतेकांना कळली असणार. दुसरी त्याने बहुधा स्वतःसाठीच लिहिली होती.

मूळ अर्थाकडे परतण्याचे उदाहरण हवे असल्यास ते दाल्लापिकोलाच्या ‘कांती दि प्रिजोनिया’, म्हणजे ‘बंदिवासातील गीते’, या रचनेत सापडते. १ सप्टेंबर १९३८ रोजी इटलीच्या फासिस्ट सरकारने ज्यूंविरुद्ध वांशिक कायद्यांचा आरंभ केला. दाल्लापिकोलाची पत्नी ज्यू होती. त्याने तीन बंदिवानांच्या लॅटिन प्रार्थना निवडल्या. मेरी स्टुअर्ट, बोएथियस आणि साव्होनारोला हे ते बंदिवान. तिघांनाही मृत्युदंड झाला. गायकवृंद, दोन पियानो, दोन हार्प व आघातवाद्ये एवढाच या रचनेचा संच आहे. तिची लेखनपद्धती त्या काळी नवी असलेल्या बारा स्वरांच्या पद्धतीकडे झुकलेली आहे. पण तिच्या खालून ‘दिएस ईरे’ सतत वाहत राहते. युद्ध दाराशी आले असता न्यायदिनाचा विचार मनात येणे विपरीत नव्हते, आणि ही परिचित सुरावट आपले म्हणणे समजण्यास साहाय्य करील असे वाटले, अशा आशयाचे स्पष्टीकरण रचनाकाराने नंतर दिले. ११ डिसेंबर १९४१ रोजी रोममध्ये ही रचना संपूर्ण सादर झाली. येथे दुरात्मा नाही, सांगाडे नाहीत. वर माणसे प्रार्थना करीत आहेत व खाली न्यायाचा दिवस घोषित होत आहे. मध्ययुगीन गीतात या दोन गोष्टी जशा एकत्र होत्या तशा त्या येथे पुन्हा एकत्र आल्या. दाल्लापिकोलाला हे साधले, याचे श्रेय त्याच्या प्रतिभेला आहेच. परंतु रोममधील श्रोत्यांना ही चाल सभागृहाइतकीच चर्चमधूनही ठाऊक होती, हेही विसरता येत नाही.

ही स्थिती पुढे राहिली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये प्रसृत झालेल्या नव्या उपासनाविधीत मृतांसाठीच्या मिस्सातून ‘दिएस ईरे’ वगळण्यात आले. भयापेक्षा पुनरुत्थानाच्या आशेवर भर असावा अशी त्यामागील भूमिका होती. हा निर्णय घेणाऱ्यांनी गीताची पहिली कडवी जितकी ध्यानात घेतली तितकी पुढची घेतली काय, अशी शंका येते. दीडशे वर्षे सभागृहांतून ऐकू आलेला अर्थ त्यांच्याही कानांत असणे असंभवनीय नाही. १९७० मध्येच जॉर्ज क्रम या अमेरिकन रचनाकाराने ‘ब्लॅक एंजल्स’ या विद्युत्-तंतुवाद्यांच्या रचनेत व्हिएतनाम युद्धाच्या छायेत हीच चाल वापरली. चर्चमधून तिने पाऊल बाहेर काढले, त्या सुमारास ती रंगभूमीवर पूर्ववत वावरत होती.

चित्रपटांनी तर तिला कधीच आपलेसे केले होते. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’साठी हुपर्ट्झने लिहिलेल्या संगीतात ती आहे; बेरिमनच्या १९५७ च्या ‘सातवी मोहोर’ या चित्रपटात अंगावर आसूड ओढीत जाणाऱ्यांची मिरवणूक ती शब्दांसह गाते. कुब्रिकच्या ‘द शायनिंग’च्या (१९८०) आरंभी डोंगरातील रस्त्यावरून धावणाऱ्या एकाकी गाडीवर ती विद्युत्-वाद्यांतून उमटते, आणि वेंडी कार्लोस व रेचल एल्काइंड यांचे ते संगीत बर्लिओझच्या मांडणीवरून बेतलेले आहे. तो चित्रपट पाहणाऱ्या आजच्या तरुणास काहीतरी अशुभ घडणार हे कळते, आणि ते का कळते हे सांगता येत नाही. चिन्ह कळावे व त्याची व्युत्पत्ती मात्र पूर्णपणे विस्मृत व्हावी, ही भाषेतील नित्याची गोष्ट आहे.

शब्द मात्र अगदीच नाहीसे झाले नाहीत. नव्या विधीनुसार लॅटिन प्रहर-प्रार्थनांत, उपासनावर्षाच्या शेवटच्या, चौतिसाव्या आठवड्यात, हे गीत तीन भागांत विभागून ऐच्छिक स्तोत्र म्हणून ठेवलेले आहे. जेथे जुन्या विधीने मिस्सा करण्यास अनुमती आहे, तेथे ते अद्याप आपल्या मूळ चालीत, पहिल्या चार स्वरांपासून शेवटच्या विनवणीपर्यंत, सगळे गायले जाते.